थरांची कागदचित्रं : ठाणे-नवी मुंबईत छोटा व्यवसाय (कागद, कटिंग, दमट हवा, हिशेब)

कागदकाठ

एकावर एक कापलेले कागद रचून खाडी, डोंगर, पक्षी, पानंफुलं यांची खोल चित्रं करणारे बरेच जण हल्ली ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर भागात आहेत. प्रत्येक जण तेच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी विचारतो. सगळी माहिती एकाच जागी राहावी म्हणून हा धागा. ‘छान दिसतं’ यापेक्षा ‘किती मिमी, किती रुपये, का बिघडतं’ अशा भाषेत लिहावं ही विनंती.

सुरुवात कागदापासून करतो, कारण नव्वद टक्के तक्रारी तिथून निघतात.

चित्राच्या थरांना १६० ते २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. त्याखालचा कागद उभ्या फ्रेममध्ये आठवड्याभरात पोटातून वाकतो. ३०० च्या वरचा हाताने कापताना मनगट दुखतं आणि बारीक कोपऱ्यात कागदाचे पदर सुटतात. ज्या थरात बारीक फांद्या, गवत, पिसं आहेत तो १६०-१८० चा ठेवा. पुढची चौकट आणि डोंगरासारखे मोठे आकार २५० चे. आकाशाचा मागचा कागद पुठ्ठ्यावर चिकटणारच असतो, तो १२० चा चालतो.

कागद खरेदी करताना रंगापलीकडे तीन गोष्टी बघा. एक, आम्लविरहित आहे का. दोन, आतपर्यंत रंगलेला आहे की वरून छापलेला. वरून छापलेल्याची कापलेली कड पांढरी दिसते आणि थरांच्या चित्रात ती पांढरी रेघ लांबूनही डोळ्यांत खुपते. तीन, कागदाच्या धाग्याची दिशा. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा; ज्या बाजूने सहज वळतो, धागा त्या वळणाच्या रेषेला समांतर असतो. दमट हवेत कागद धाग्याला आडव्या दिशेने जास्त फुगतो. म्हणून एका चित्रातल्या सगळ्या थरांचा धागा एकाच दिशेला असावा. एक थर उभा, एक आडवा झाला की जुलैत एक ताणतो आणि दुसरा लाटा मारतो.

मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊक कागद मिळतो. तिथे जाताना आधीच्या लॉटचा तुकडा सोबत न्या. त्याच नावाच्या रंगाची छटा पुढच्या लॉटमध्ये बदललेली असते. वीस प्रतींची मालिका करायची असेल तर सगळा कागद एकदाच घ्या.

अकरा_नंबर

हाताने कापणाऱ्यांसाठी.

सर्जिकल हँडल ३ नंबर आणि पातं ११ नंबर. साध्या पेन-कटरपेक्षा याचं टोक जास्त निमुळतं असतं. १८० जीएसएमवर सलग काम केलं तर तासाभरात टोक बसतं. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं: वळणावर कागद कापला जाण्याऐवजी ओढला जातो आणि मागच्या बाजूला कडेची लव उठते. ही लव दिसली की पातं बदला. पाच-सात रुपयांचं पातं वाचवताना चार तासांचा थर फाटतो.

क्रम असा ठेवा: आधी सगळ्यांत लहान भोकं, मग मध्यम, मग मोठे आकार, बाहेरची कड शेवटी. मोठा आकार आधी काढला की उरलेला कागद लुळा पडतो आणि बारीक काम हलतं. गोलाईवर मनगट न वळवता कागद फिरवा. कोपरा असेल तर कोपऱ्यापासून बाहेर असे दोन वेगळे छेद द्या. एकाच छेदात कोपरा वळवला की रेघ पुढे निसटते. २०० च्या वरच्या कागदावर एकाच दाबात आरपार जायचा हट्ट नको, दोन हलके छेद द्या.

रेखाटनात ‘पूल’, म्हणजे आकारांना चौकटीशी जोडून ठेवणाऱ्या अरुंद पट्ट्या, विसरू नका. प्रत्येक थर हा चौकटीला कुठेतरी जोडलेला एकच अखंड तुकडा हवा. आकाशात उडणारा पक्षी सुटा कापून फोम टेपच्या ठिपक्यावर चिकटवता येतो, पण असे सुटे तुकडे जितके जास्त तितका जुळवणीचा वेळ वाढतो आणि प्रवासात गळण्याचा धोकाही. पुलाची रुंदी हातकामाला किमान दीड मिमी ठेवा. फांदीचं टोक एका मिमीपेक्षा बारीक केलं तर दमट हवेत ते पुढे वाकून काचेला टेकतं.

तिवरांची_सावली

रेखाटनाचा विषय निघालाच आहे तर ‘निसर्गातून प्रेरित’ या शब्दांबद्दल. इथला गिऱ्हाईक पक्षी ओळखतो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ ची, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आली; हिवाळ्यापासून मेपर्यंत लोक मुद्दाम रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला येतात. त्यांना चुकीचं चित्र विकू नये.

नेहमी दिसणाऱ्या चुका सांगते. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोट्या रोहितची चोच गडद किरमिजी, लांबून जवळजवळ काळीच दिसते. एकाच चित्रात छोटा रोहित मोठ्याइतकाच उंच दाखवू नका. मोठा सव्वा ते दीड मीटरपर्यंत जातो, छोटा एका मीटरच्या आतला. पायाचा जो सांधा मागे वाकतो तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो, म्हणून सांधा पायाच्या साधारण मध्यावर काढा. आणि खाताना डोकं उलटं असतं, चोचीचा वरचा भाग खाली. बहुतेक तयार नक्ष्यांत हंसाची मान आणि बगळ्याची चोच जोडलेली असते.

खारफुटीतही तसंच. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून सरळ वर येतात. कमानीसारखी आधारमुळं कांदळाची. तिवराच्या झाडाला कमानी लावू नका. थरांच्या दृष्टीने तिवर सोयीचं आहे, कारण मुळांची रांग हा स्वतंत्र पुढचा थर करता येतो आणि खालच्या पट्टीला ती आपोआप जोडलेली राहते, वेगळा पूल लागत नाही.

नीलवंत हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. त्याच्या मागच्या पंखांना शेपट्या नसतात. बाहेरून घेतलेल्या ‘स्वॅलोटेल’ नक्षीला निळा कागद लावला की नीलवंत होत नाही. ताम्हणाला साधारण सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, पाकळी देठाशी अरुंद. पाच गुळगुळीत पाकळ्या काढल्या तर ते दुसरंच कुठलं तरी फूल होतं.

मृद्गंध

गुलाबी रंगाबद्दल सावध करते, कारण इथे सगळ्यांत जास्त विकली जाणारी चित्रं रोहितांचीच. स्वस्त रंगीत कागदात गुलाबी, जांभळा आणि लाल हेच रंग आधी उडतात. विकण्याआधी चाचणी घ्या: कागदाची पट्टी अर्धी काळ्या पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीत चार आठवडे ठेवा. फरक डोळ्यांना दिसला तर तो कागद चित्रात वापरू नका, शुभेच्छापत्रांत संपवा.

पर्याय म्हणजे पांढरा सुती कागद घेऊन स्वतः रंगवणं. गुलाबीसाठी क्विनाक्रिडोन रंगद्रव्य टिकतं. ‘ऑपेरा’ नावाने मिळणारा झगझगीत गुलाबी सुंदर दिसतो, पण उन्हात लवकर फिका होतो. रंगवलेला कागद सुकल्यावर दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर वजन द्या, पूर्ण दिवस तसाच राहू द्या आणि मगच कापा. ओलसर असताना कापला तर सुकल्यावर नक्षी लहान होते आणि खालच्या थराशी जुळत नाही.

खाडीवारा

हातकामाशी वाद नाही, पण ऑर्डर वाढल्यावर प्लॉटर (संगणकावरून पात्याने कागद कापणारं यंत्र) किंवा लेझरकडे जावंच लागतं. दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

घरगुती प्लॉटर १६० ते २२० जीएसएमला उत्तम. प्रत्येक नव्या कागदावर कोपऱ्यात एक सेंमीचा चौकोन आणि त्यात त्रिकोण अशी चाचणी कापा. त्रिकोणाचं टोक फाटलं तर वेग कमी करा, चौकोन सुटलाच नाही तर दाब एकेक पायरी वाढवा. एकदम दाब वाढवलात तर पातं खालची मॅट (कागद धरून ठेवणारी चिकट चटई) खातं. कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढू नका. मॅट उलटी करून मॅटच वाकवत सोलून काढा, कागद सपाट राहतो. कागद ओढला तर तो कायमचा वळतो, आणि मग लोक कागदाला दोष देतात. मॅटचा चिकटपणा कागदाच्या धुळीने जातो. अल्कोहोल नसलेल्या ओल्या टिश्यूने पुसून वाळवली की तो बराचसा परत येतो.

लेझरचं जॉबवर्क वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथल्या गाळ्यांमध्ये होतं. दर बहुतेक ठिकाणी मिनिटावर असतो. म्हणून फाइल स्वच्छ नसेल तर पैसे धुरात जातात. देण्याआधी हे तपासा: एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा काढल्या आहेत का (दुहेरी रेघ दोनदा जळते, कड काळी पडते), माप मिमीमध्येच उघडतंय का, अक्षरं कर्व्हमध्ये बदलली आहेत का, आतले आकार आधी आणि बाहेरची कड शेवटी असा क्रम लावला आहे का. बहुतेक गाळ्यांत कोरल हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर चालतं, त्यामुळे फाइल एसव्हीजीबरोबर डीएक्सएफ प्रकारातही न्या. लेझरची रेघ स्वतः ०.१ ते ०.२ मिमी कागद खाते. अगदी घट्ट बसणारे तुकडे असतील तर तेवढं माप वाढवून द्या.

कागदाला कमी पॉवर, जास्त वेग आणि हवेचा झोत चालू. तरीही फिक्या कागदाची कड तपकिरी होते. उपाय दोन: कागद उलटा ठेवून कापायला सांगा, म्हणजे काजळी मागच्या बाजूला जाते; किंवा वरून कमी चिकट मास्किंग लावा. बारीक नक्षीवरून मास्किंग काढताना फांद्या तुटतात, म्हणून पहिला उपाय बरा. गडद कागदाला हा प्रश्नच नाही.

आणि एक गोष्ट कृपया कुणीही करू नका: सनबोर्ड लेझरवर कापायला देऊ नका. तो पीव्हीसी असतो. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुफ्फुसांना घातक आहे आणि मशिनचे लोखंडी भागही गंजवतो.

अकरा_नंबर

पूर्ण सहमत, फक्त एक भर. लेझरने किंवा प्लॉटरने कापलेलं चित्र ‘हाताने कापलेलं’ म्हणून विकू नये. माहितीपत्रकावर ‘हाताने रेखाटलेलं, यंत्राने कापलेलं, हाताने जुळवलेलं’ असं सरळ लिहा. जाणकार गिऱ्हाईक भिंगाशिवायही ओळखतो. लेझरच्या कडेला तपकिरी झाक असते आणि प्रत्येक प्रत तंतोतंत सारखी असते. दोन्हींची किंमत वेगळी ठेवली की दोन्ही विकली जातात.

फ्रेमवाला

जुळवणी आणि फ्रेम. इथे मिमीचा हिशेब चुकला तर आधीचं सगळं वाया.

ए४ आकार, सहा थर, मध्ये ३ मिमीचा फोम बोर्ड धरू. पाच फटी म्हणजे १५ मिमी. २५० जीएसएमचा कागद साधारण ०.३ मिमी, सहांचे मिळून जवळपास २ मिमी. पहिल्या थरापासून काचेपर्यंत ४ मिमी मोकळे. मागचा बोर्ड ३ मिमी. झाले २४. म्हणजे आतून २५ मिमी खोल बॉक्स फ्रेम पुरते. ५ मिमीचा फोम बोर्ड वापरला तर याच हिशेबाने ३४ होतात, तेव्हा ३५ ची सांगा. फ्रेमवाल्याला ‘खोल फ्रेम’ एवढंच सांगू नका. काचेच्या मागे मोकळी जागा किती हवी ते लिहून द्या.

फोम बोर्डच्या पट्ट्या ८ ते १० मिमी रुंद कापून चारही कडांना लावा, कोपऱ्यांत २-३ मिमी फट सोडा. फ्रेमची पट्टी समोरून ५-६ मिमी झाकते, फोम बोर्डची बाकीची पट्टी लपावी म्हणून रेखाटनाला चहूबाजूंनी किमान १२ मिमीची कोरी कड ठेवा. मोठा थर मध्ये झोळ देतो. तिथे न दिसणाऱ्या जागी, म्हणजे डोंगराच्या किंवा खोडाच्या मागे, फोम बोर्डचा एक सेंमीचा ठोकळा ठेवा.

थर फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने दीड मिमी लहान कापा. एप्रिलमध्ये घट्ट बसवलेला कागद जुलैत फुगतो, बाजूला जागा नसते, मग पुढे फुगून काचेला लागतो. लोक याला ‘कागद खराब निघाला’ म्हणतात, प्रत्यक्षात माप चुकलेलं असतं.

गोंद: पाण्याचा पांढरा गोंद फोम बोर्डवर टूथपिकने ठिपक्यांत लावला तर चालतो, ब्रशने पसरला तर कागद लाटतो. दुहेरी टेप झटपट आहे पण एकदा टेकली की हलत नाही. फोम टेपच्या भरवशावर अख्खा थर लटकवू नका, उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर तिचा गोंद मऊ होऊन थर घसरतो. फोम टेप सुट्या लहान तुकड्यांसाठीच.

मागे एमडीएफ असेल तर एमडीएफ आणि कागद यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठा हवाच. एमडीएफमधून निघणाऱ्या आम्लाने दोन-तीन वर्षांत मागचं आकाश पिवळं पडायला लागतं.

येऊरची_वाट

काच की अॅक्रिलिक? आणि पावसाळ्यात नक्की काय करायचं? आमच्याकडे जुलैत कपडेही वाळत नाहीत.

फ्रेमवाला

२ मिमी काच चौरस मीटरला ५ किलो भरते, तेवढंच अॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. भिंतीवर कायम राहणार असेल आणि हातोहात द्यायचं असेल तर काच. ओरखडे पडत नाहीत. कुरिअरने जाणार असेल तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिकला स्थिर वीज येते आणि कागदाची बारीक धूळ आतून चिकटते. वरचा संरक्षक कागद अगदी शेवटच्या क्षणी काढा, कोरड्या फडक्याने घासू नका, किंचित ओल्या मायक्रोफायबरने एकदाच पुसून पूर्ण सुकू द्या.

मृद्गंध

पावसाळ्याचं मी सांगते. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक कामाच्या टेबलावर ठेवा. ६० टक्क्यांच्या आसपास कागद शांत असतो. ७५ च्या वर गेला की कापू शकता, पण फ्रेम बंद करू नका. बंद केली तर ती ओल चित्राबरोबर आत कोंडते आणि एसीच्या खोलीत गेल्यावर काचेला आतून धुकं धरतं. जुळवणीच्या दिवशी एसी किंवा डीह्युमिडिफायर चार-पाच तास चालवून, सगळे थर त्याच खोलीत सुटे पसरून ठेवा आणि मग बंद करा. खाडीलगतच्या इमारतीत काम असेल तर खिडक्या बंद करूनच. जून ते सप्टेंबर कटिंगचा साठा करावा आणि फ्रेमिंग कोरड्या दिवसांत एकगठ्ठा उरकावं, हे वेळापत्रक सगळ्यांत सोपं.

कोरा कागद आडवा ठेवा, उभा नाही. जाड पॉलिथिनची पिशवी, आत सिलिका जेल (ओल शोषणारे मणी), तोंड टेपने बंद. नारिंगी मणी घ्या. ओल धरली की ते हिरवे होतात, १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाचे. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे. कसर बहुतेक वेळा कागदाचा पृष्ठभाग खाते, रंग खरवडल्यासारखा दिसतो. असा एक जरी कागद दिसला तर अख्खा गठ्ठा उघडून तपासा.

हिशेबवही

इतका बारकावा कागदात आणि किंमत मात्र अंदाजे, असं नेहमी होतं. वरच्याच ए४ चित्राचा हिशेब मांडते. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घाला.

कागद १५०, फ्रेम ४५०, फोम बोर्ड आणि टेप ६०, आम्लविरहित पुठ्ठा ३०, पाती २०, पॅकिंग ११०. एकूण ८२०. बिघाड दहा टक्के, म्हणजे ८२. वेळ: कटिंग ५ तास, जुळवणी दीड, फोटो-पॅकिंग-निरोपांची देवाणघेवाण १ तास, साडेसात तास, ताशी १५० ने ११२५. रेखाटनाला ८ तास लागले आणि वीस प्रती काढणार, तर एका प्रतीवर ६०. बेरीज २०८७. वीज, मशिनची झीज, स्टॉलचं भाडं यांसाठी बारा टक्के, २५०. खर्च झाला २३३७.

आता दुकान ३० टक्के कमिशन मागतं. बहुतेक जण २३३७ वर तीस टक्के चढवून ३०३८ किंमत लावतात. कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं: ३०३८ चे तीस टक्के ९११, हातात २१२७. प्रत्येक चित्रामागे २१० रुपये स्वतःच्या मजुरीतून गेले. बरोबर रीत म्हणजे २३३७ भागिले ०.७०, म्हणजे ३३४०. आणि हीच किंमत आपल्या स्टॉलवरही ठेवा. दुकानात एक आणि प्रदर्शनात स्वस्त असं केलं की दुकान पुन्हा माल ठेवत नाही.

कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतं. आकारमानाचं वजन असं: लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले ५०००. ३८ × ३० × १२ चा खोका पावणेतीन किलोचा धरला जातो, आत सव्वा किलो असला तरी. खोक्याची उंची दोन सेंमीने कमी केली तरी जवळपास अर्धा किलो वाचतो.

ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांची दिवाळीची ऑर्डर घेताना भागाकार आधी करा. ४० नग × साडेसात तास = ३०० तास; रोज सहा तास धरले तर ५० दिवस. तीन आठवड्यांत हवं असेल तर सहाचे चार थर करा, ए५ करा, कटिंग प्लॉटरवर न्या. अर्धी रक्कम आगाऊ आणि नमुना मंजूर झाल्याचं लेखी आल्याशिवाय कागद कापू नका.

येऊरची_वाट

नोंदण्या कोणत्या लागतात? इन्स्टावरचे पक्ष्यांचे फोटो ट्रेस केले तर चालतं का?

हिशेबवही

उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, कुणालाही पैसे देऊ नका. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी): २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असं होतं; २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसपेक्षा कमी कामगार अशी झाली. जीएसटी: राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठांवर राज्यांतर्गत विक्रीसाठीही १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सवलत आहे, मात्र पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल गेला की चित्र बदलतं. अधिसूचित हस्तकलांना वेगळी सूट आहे, आपली वस्तू त्या यादीत बसते का ते सीएकडून लेखी घ्या.

फोटो ट्रेस करणं: नाही. फोटोचा हक्क छायाचित्रकाराचा, रेघा काढल्याने तो तुमचा होत नाही. परवानगी मागा, बरेच जण नावाच्या उल्लेखावर देतात. निरोप जपून ठेवा. नाहीतर चार-पाच वेगवेगळ्या संदर्भांवरून शरीररचना समजून घेऊन स्वतःची मुद्रा काढा. तिवरांची_सावली यांनी दिलेले बारकावे त्यासाठीच उपयोगी आहेत.

आपल्या नक्षीबाबत एक कलम माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५: जी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी आहे पण नोंदवलेली नाही, ती वस्तूवर लावून औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त प्रती काढल्या की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. लेझरवर मोठी मालिका काढणाऱ्यांनी पन्नासाव्या प्रतीच्या आधी वकिलाशी बोलावं, विशेषतः दिवे, घड्याळं अशा उपयोगाच्या वस्तू करत असाल तर.

खाडीवारा

विक्रीच्या जागांत सीबीडी बेलापूरचं अर्बन हाट आणि वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र इथल्या तारखांवर लक्ष ठेवा. स्टॉलवर एक चित्र बाजूने कापून उघडं ठेवा. थर कडेने दिसले की किंमत समजावून सांगावी लागत नाही. वरचा दिवा एका बाजूला तिरका लावा. समोरून सरळ प्रकाश टाकला तर थरांच्या सावल्या मरतात आणि चित्र छापील वाटतं.

येऊरची_वाट

शेवटचा प्रश्न. गिऱ्हाइकाकडे गेलेल्या फ्रेममध्ये आतून धुकं आलंय. उघडायची का?

मृद्गंध

हो, पण लगेच नाही. फ्रेम एसीच्या खोलीत किंवा कोरड्या दिवशी मागची बाजू वर करून आडवी ठेवा, मागची टेप एका कडेने कापा आणि दोन-तीन तास नुसती उघडी राहू द्या. हेअर ड्रायर लावू नका, एका जागी झटकन सुकलेला कागद तिथेच वळतो. मग थरांचा गठ्ठा एकसंध बाहेर काढा, काच आतून पुसा, पूर्ण सुकवा. थर एक रात्र त्याच खोलीत ठेवून सकाळी परत बसवा, मागच्या पुठ्ठ्याला सिलिका जेलची लहान पुडी चिकटवा आणि टेप नव्याने लावा. बुरशीचे तपकिरी ठिपके आले असतील तर तेवढा थर नव्याने कापून द्यावा लागेल, पुसून ते जात नाहीत. आणि चित्र कुठल्या भिंतीवर आहे ते विचारा. पावसाची झड बसणारी बाहेरची भिंत असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना ५ मिमीचे रबरी बटण लावून द्या, म्हणजे मागून हवा खेळेल.